तडवळ्याहून दिसणारी अमेरिका

मित्रांनो, धाराशिवहून अमेरिकेला जायचं तर कुठली गाडी पकडावी? तुम्ही लगेच सांगाल, "मुंबईचं विमान! पासपोर्ट, व्हिसा!" पण मी सांगते तो रस्ता सोपा आहे. धाराशिवच्या स्टँडवर जायचं, येडशीकडची एसटी धरायची आणि पुढं कसबे तडवळ्याला उतरायचं. तिकिटाला फार पैसे लागत नाहीत. डबा घरूनच न्यायचा. दिवस मावळायच्या आत घरी परत!

"बाई चेष्टा करतायत," असं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात सांगितलंच असेल. चेष्टा नाही बरं का. थोडा धीर धरा.

आपला जिल्हा तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'उस्मानाबाद' असं नाव असेल. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून ते नाव पडलं होतं. २०२३ सालापासून सरकारी कागदावरही 'धाराशिव' आलं. तुळजापूरची भवानी, नळदुर्गचा किल्ला, परांड्याचा किल्ला, तेरचे गोरोबाकाका, हे सगळं आपलं. पण आज मी तुम्हाला जिथं नेणार आहे, तिथं ना मोठा किल्ला, ना मोठी जत्रा. एक गाव, एक शाळा आणि शेतं. बस्स.

धाराशिव सोडलं की बालाघाटच्या डोंगररांगा लागतात. येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ आणि अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथली झाडी अशी हिरवीगार होते की हा मराठवाडाच ना, असा प्रश्न पडावा. माकडं इतकी धीट की हातातला पेरू कधी गेला ते कळत नाही. येडशी मागं पडली की सपाट काळी रानं सुरू होतात. ज्वारी, सोयाबीन, तूर, कुठं पिवळंधम्मक सूर्यफूल.

थांबा! अमेरिका इथंच सुरू झाली, तुमच्या लक्षात आलं का?

ताटातली अमेरिका

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी ते पिकवायला सुरुवात केली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मका, टोमॅटो, बटाटा, पेरू, आणि आपल्या बालाघाटात दगडाधोंड्यांत वाढणारं सीताफळसुद्धा मूळचं त्या बाजूचंच. आणि मिरची? तीही अमेरिकेचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तिथून सगळ्या देशात पसरली. त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरे होते. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्या पणजोबांना ठेचा माहीत नव्हता!

आणि ज्वारी? ती मूळची आफ्रिकेतली. कितीतरी हजार वर्षांपूर्वी ती इकडं आली आणि आपलीच होऊन गेली. आता डबा उघडा. भाकरी आफ्रिकेची, ठेचा अमेरिकेचा, आणि जेवणार कोण? धाराशिवचा बंड्या!

ज्वारीचं बी आफ्रिकेतून आपल्याकडं आलं. त्याच आफ्रिकेतून माणसंही दूरदेशी गेली, पण ती आपल्या पायांनी नाही गेली. त्यांना पकडून, साखळ्या घालून, जहाजांच्या तळाशी कोंबून अमेरिकेला नेलं आणि बाजारात विकलं. तिथं त्यांनी कापसाच्या, तंबाखूच्या, उसाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबायचं. पगार नाही. आईपासून लेकरू तोडून विकलं तरी दाद मागायची सोय नाही. गुलामाचं मूल जन्मतःच गुलाम.

हे वाक्य लक्षात ठेवा: गुलामाचं मूल जन्मतःच गुलाम. तडवळ्यात ते आपल्याला परत भेटणार आहे.

तडवळ्याची परिषद

कसबे तडवळे हे बार्शी-लातूर रस्त्यावरचं गाव. पूर्वी या भागातून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोचली. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील, चढावर गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. खरं खोटं आजोबांना ठाऊक! २००७ आणि २००८ साली तो मार्ग रुंद झाला आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी या तडवळ्यात एक मोठी परिषद भरली. महार-मांग वतनदार परिषद. तिला आले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गावकरी सांगतात, त्यांची बैलगाडीतून मोठी मिरवणूक निघाली आणि मुक्काम होता गावच्या शाळेत. शाळेत, मित्रांनो! तुम्ही आम्ही जिथं बसून पाढे म्हणतो, तसल्याच एका गावच्या शाळेत. गाव ही आठवण अजून जपून आहे.

आता 'वतन' म्हणजे काय? ऐकायला शब्द भारदस्त आहे. पाटलाचं वतन, देशमुखाचं वतन. पण महाराच्या वतनात मान कमी आणि राबणूकच जास्त होती. सरकारी निरोप गावोगाव पोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, रात्री गस्त घालायची, सारा भरायला जाणाऱ्यांची सोबत करायची, मेलेली जनावरं ओढायची. दिवस-रात्र कधीही बोलावणं येई. मोबदला काय? तुकडाभर जमीन आणि सुगीत बलुत्याचं धान्य, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं. आणि हे काम बापाकडून मुलाकडं, मुलाकडून नातवाकडं. मुलाला वाटलं, आपण शिकावं, दुसरं काही करावं, तरी वतन मानगुटीवर बसलेलंच.

आलं ना ते वाक्य परत? माणूस कोणतं काम करणार हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं. वतनदार काही अमेरिकेतल्या गुलामासारखा बाजारात विकला जात नव्हता, दोन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या. पण जन्मावरून माणसाचं आयुष्य बांधून टाकायचं, ही गाठ दोन्हीकडं होती.

ही गाठ सोडवायचा प्रयत्न बाबासाहेब आधीपासून करत होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं होतं. तडवळ्याची परिषद त्याच लढ्यातली. पुढं ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ सालचा. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

अडीच फुटी रुळांवरून न्यूयॉर्क

आता आपली खरी सफर. तडवळ्याच्या शाळेत उतरलेला हा पाहुणा अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात शिकून आलेला होता. त्या विद्यापीठाचं नाव कोलंबिया. गाव न्यूयॉर्क.

१९१३ साली भीमराव आंबेडकर बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील सुभेदार रामजी वारले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोचले. आणि तिथं काय शिकले? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात वर करून सांगतात, "कायदा!" चूक. कोलंबियात त्यांचा मुख्य विषय होता अर्थशास्त्र. त्यांनी तिथं घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. करा बेरीज! साठ होतात. तुम्हाला सहा विषयांचा अभ्यास जड जातो, नाही का?

पैसा जपून वापरायचा आणि वाचलेल्या पैशातून जुनी पुस्तकं घ्यायची, असा त्यांचा नेम होता. अशी सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी जमवली. पुढं ती ज्या जहाजानं येत होती ते पहिल्या महायुद्धात पाणतीराच्या माऱ्यानं बुडालं आणि बरीचशी पुस्तकं समुद्राच्या पोटात गेली. वाचताना मलाच हळहळ वाटते, तर त्यांना काय वाटलं असेल!

१९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. विचार करा. अमेरिकेतल्या वर्गात बसून हा मुलगा आपल्या गावाकडचा प्रश्न मांडत होता. दूर गेल्यावर आपलं घर नीट दिसतं म्हणतात, ते असं. कोलंबियाची पीएच. डी. पदवी त्यांना १९२७ साली मिळाली.

आम्ही डी. एड. करताना जॉन ड्यूई हे नाव घोकलेलं असतं. 'कृतीतून शिक्षण' म्हटलं की ड्यूई, एवढं आम्हाला परीक्षेपुरतं पाठ. हे ड्यूई बाबासाहेबांचे कोलंबियातले प्राध्यापक. १९१६ साली ड्यूईंचं लोकशाही आणि शिक्षण यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकशाही म्हणजे केवळ मतदान आणि सरकार नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे. माणसं एकमेकांत मिसळली, एकमेकांचे अनुभव त्यांनी वाटून घेतले, तरच ती लोकशाही. आणि ही रीत शाळेत लागली पाहिजे. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिभेद मोडण्याविषयीचं आपलं गाजलेलं भाषण छापलं, त्यात याच विचाराचा आधार आहे आणि ड्यूई आपले शिक्षक होते हे त्यांनी आदरानं सांगितलंय. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठानं बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली, ५ जूनला. त्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले, आपल्या गुरुजींना भेटायची त्यांना ओढ होती. पण १ जूनलाच ड्यूई वारले. चार दिवसांनी भेट हुकली.

अमेरिकेचे दोन चेहरे

पण अमेरिका म्हणजे नुसतं ड्यूईंचा वर्ग असं समजू नका. अमेरिकेचा इतिहास शिकायचा तो यासाठीच.

४ जुलै १७७६ रोजी त्या देशानं जाहीर केलं की सर्व माणसं जन्मतः समान आहेत. वा! पण हे लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी गुलाम होते. लिहिताना शाई पुरवणारा हातसुद्धा एखाद्या गुलामाचा असू शकेल. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात यादवी युद्ध झालं. अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली, १८६५ साली घटनादुरुस्तीनं गुलामगिरी बंद झाली आणि १८६८ सालच्या दुरुस्तीनं कायद्यापुढं सर्वांना समान संरक्षण मिळालं. कागदावर!

प्रत्यक्षात काय? दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. पाण्याचे नळ वेगळे. बसमध्ये बसायच्या जागा वेगळ्या. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली आपली जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला. पायी चालले, पण बसमध्ये चढले नाहीत. शेवटी तो नियम मोडला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला.

पाण्याचे नळ वेगळे, हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. रोझा पार्क्स यांच्या आधी २८ वर्षं.

बाबासाहेब न्यूयॉर्कला राहत होते तेव्हा त्यांना कुणी जात विचारली नाही. सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवायचं, एका वसतिगृहात राहायचं. त्यांनी पुढं लिहून ठेवलंय की परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पण त्याच विद्यापीठाच्या शेजारी हार्लेम ही वस्ती. दक्षिणेतला जाच सोडून आलेली कृष्णवर्णीय माणसं तिथं राहायला येत होती. आणि १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला आले, तर अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळेना! बडोद्याचं ते दुःख त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय. त्याच आठवणींत लहानपणची एक गोष्ट आहे. दहाएक वर्षांचे असताना ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, पण जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरलं. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. या आठवणींचं छोटं पुस्तक कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासाला लावलेलं आहे. आपल्या मसूर स्टेशनची गोष्ट अमेरिकेतली मुलं वाचतात!

मसूरला बैलगाडी नाकारली गेली होती, आणि चाळीस वर्षांनी तडवळ्यात बैलगाडीतून मिरवणूक. मधल्या चाळीस वर्षांत काय काय घडलं, ते मोजून पाहा.

अमेरिकेतलं युद्ध, आपल्याकडचं कर्ज

"पण बाई, आपलाच इतिहास पाठ होत नाही, त्यात अमेरिकेचा कशाला?" हा प्रश्न मला वर्गात विचारला गेलाय, आणि पालकांच्या बैठकीतही. पालक पुढं जोडतात, "त्यानं पोट भरतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर कापसात आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग इंग्लंडची नजर वळली आपल्याकडं. खानदेश, वऱ्हाड, दख्खन, सगळीकडं कापसाचे भाव कडाडले. शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळला. सावकारही सढळ हातानं कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध थांबलं, अमेरिकेचा कापूस बाजारात आला आणि भाव कोसळले. कर्ज मात्र तसंच राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळायला सुरुवात केली. त्यालाच आपण 'दख्खनचे दंगे' म्हणतो. तुमच्या पुस्तकात एका ओळीत आलेल्या दंग्याचं एक मूळ पार अमेरिकेत होतं! सोयाबीनचा भाव पडला की घरात चर्चा होते ना, दुसऱ्या देशात काय पिकलं म्हणून? तेच हे.

आणि १८७३ साल. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. ना इंटरनेट, ना टीव्ही. पुण्यात बसलेला एक माणूस अमेरिकेतल्या घडामोडींवर नजर ठेवून होता आणि त्यातून आपल्याकडच्या माणसांसाठी धडा काढत होता.

मराठवाड्यातले अभ्यासक

हा अभ्यास आपल्या मराठवाड्यातही रुजला, बरं का. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत राहून अभ्यास करून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांविषयी इथल्या तरुणांना सांगू लागले. आपलं दुःख आपल्या भाषेत लिहिता येतं, हे त्या तरुणांना आणखी जोरानं कळलं. १९७२ साली मुंबईतल्या तरुण लेखक-कवींनी 'दलित पँथर' ही संघटना काढली. तिचं नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर' या १९६६ सालच्या संघटनेवरून घेतलेलं.

आणि शेजारच्या लातूरचं उदाहरण पाहा. १९८२ सालापर्यंत लातूर आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिथल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि संस्कृती या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि त्यावर मराठीत मोठं पुस्तक लिहिलं. पुढं १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, त्याचे ते पहिले कुलगुरू. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकेच्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र निघालं होतं. त्याचं ग्रंथालय खूप मोठं होतं आणि देशभरातले प्राध्यापक तिथं वाचायला जात.

विद्यापीठात हा अभ्यास कसा करतात? राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करून नव्हे. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून गेलेला माणूस. त्यानं १८४५ साली स्वतःची कहाणी छापली, ती वाचायची. मळ्यातली माणसं कोणती गाणी म्हणत, ते ऐकायचं. न्यायालयांचे निकाल, जुनी वर्तमानपत्रं, पत्रं तपासायची. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिलं होतं. त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं दिलेला अर्ज त्यांना पाहायचा होता. डुबॉइस यांनी उत्तरही पाठवलं. अशी दोन पत्रं समोर ठेवायची आणि विचारायचं, हे एकमेकांना का शोधत होते? हाच अभ्यास.

आता पालकांच्या प्रश्नाकडं. पोट भरतं का? इतिहास, राज्यशास्त्र, इंग्रजी या विषयांच्या पदवीत अमेरिकेचा इतिहास, घटना किंवा साहित्य अनेक विद्यापीठांत शिकवतात. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवलाच आहे. शिकणारा पुढं शिक्षक होतो, पत्रकार होतो, स्पर्धा परीक्षा देतो, भाषांतर करतो. परदेशी शिकायचं तर आज सयाजीराव महाराज नसले तरी वाटा आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. भारत-अमेरिका यांच्यातली फुलब्राइट शिष्यवृत्ती १९५० सालच्या करारापासून चालू आहे, आता तिला नेहरूंचंही नाव जोडलेलं आहे. लगेच मिळते असं मी म्हणणार नाही. कष्ट पडतात, इंग्रजी पक्कं लागतं, अर्ज वेळेत भरावे लागतात. पण सातवी-आठवीत हे शब्द कानावरून गेलेले असले तर बारावीनंतर पोरगं विचारतं तरी. आपल्याकडं कितीतरी हुशार मुलं या वाटा आहेत हे माहीतच नसल्यामुळं मागं राहतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

आणि नाही गेलं कुणी अमेरिकेला, तरी एक फायदा होतोच. दुसऱ्या देशातला अन्याय आपल्याला चटकन दिसतो. "किती वाईट वागले ते लोक!" असं आपण पटकन म्हणतो. मग नजर घराकडं वळते. आपल्या शाळेत खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं? कुणाच्या घरचं पाणी प्यायला कोण नाही म्हणतं? खेळाच्या संघात कुणाचं नाव कधीच येत नाही? माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीला रोझा पार्क्स यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या सुट्टीत उठली आणि नेहमी एकट्या बसणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसली. मी काही सांगितलं नव्हतं.

तर मग जाणार ना तडवळ्याला? बाबांना किंवा गुरुजींना बरोबर घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना १९४१ सालच्या परिषदेबद्दल काय ऐकलंय ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा, ऐकलेलं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. वेळ उरला तर ढोकीवरून तेरला जा. तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून. तिथला माल भडोच बंदरातून परदेशी जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. कोलंबियात असताना बाबासाहेबांनी ज्या विषयांवर लेखन केलं त्यांत एक होता प्राचीन भारताचा व्यापार.

जाताना डब्यात भाकरी आणि ठेचा न्यायला विसरू नका. आणि खाताना शेजारच्याला विचारा, "सांग बघू, यातलं आपलं काय?"